कठडा काढल्यावर

जूनमध्ये केमीत रात्र होत नाही.
अकरा वाजतात, बारा वाजतात,
लगद्याच्या कारखान्याच्या धुरावर उजेड तसाच,
कुणीतरी दिवा मालवायचा विसरल्यासारखा.
अशा दिवसांत पोरीला नव्या पलंगावर हलवू नकोस,
एस्कोची बहीण हिल्का फोनवर म्हणाली,
हिवाळ्यापर्यंत थांब.
पण होदानला आठवा संपत आला होता
आणि तिसऱ्या मजल्यावर तिने
पाळण्याची जागा केव्हाच पुसून ठेवली होती.

लिफ्टमध्ये तो मावला नाही.
एस्को रात्रपाळीला. मग मी आणि होदानचा नवरा लिबान,
जिन्याने, दर वळणाला तिरपा करत,
तो वरून पाठमोऱ्या पावलांनी, मी खालून;
गजांमधून त्याचा चेहरा
मला तुकड्यातुकड्यांनी दिसत होता.
वरच्या पट्टीवर ल्यूलीच्या दातांच्या खुणा.
घासून, पॉलिश करून देते, मी म्हणत होते.
होदानने त्यांवरून अंगठा फिरवला.
राहू दे, म्हणाली.

नवा पलंग बुटका, जमिनीपासून जेमतेम वीतभर.
तरी खाली जुनी गादी अंथरली.
खिडकीला जाड काळं कापड ठोकलं,
कपाट भिंतीला आवळलं.
सुऱ्या, गोळ्या, काड्यापेटी, बाल्कनीची कडी,
सगळं माझ्या खांद्याच्या वर सरकलं.
पूर येणार म्हणून गाव टेकडीवर जातं
तसं घर उंचावर जाऊन बसलं.
मी तयार होते.

ती आलीच नाही.
पहिल्या रात्री बाराला जाग आली तिला.
आई, अशी नेहमीची हाक.
मी दाराच्या फटीतून पाहिलं:
ताठ बसलेली,
दोन्ही मुठी छातीच्या उंचीवर, हवेत,
जिथे गज असायचे तिथे.
पुढे काहीच नव्हतं.
गादी, मग फरशी, मग दार, मग मी.
पण ती कडेशी थांबून राहिली,
जणू तिथून पुढे माणसांना
उचलूनच न्यावं लागतं.

मी गेले. उचललं. पाणी पाजलं. परत ठेवलं.
दुसऱ्या रात्री तेच.
तिसऱ्या. चौथ्या.
काय गुणी पोर आहे, एस्को हसला.
मला घास गिळेना.
पाळणा तर वर देऊन आलो,
मग हिने धरलंय काय?
आणि खरं सांगायचं तर
मला बरंही वाटत होतं.
हे मी हिल्काला सांगितलं नाही.

पाचव्या रात्री मी भांडी पुसत होते.
थप्प.
मग शांतता, इतकी की
हातातलं ताट ठेवायचं सुचलं नाही.
मग फरशीवर अनवाणी पावलं,
एक. थांबून, एक.
नुकत्याच गोठलेल्या समुद्रावर
कुणी वजन टाकून बघावं तशी.
मी वळले नाही.

ती स्वयंपाकघराच्या दारात आली,
मुठीत सशाचा कान, बाकीचा ससा मागे फरफटत.
डोळे बारीक करून तिने सगळं पाहिलं:
माझे उघडे पाय, अर्धी राईची भाकरी,
खुर्चीच्या पाठीवर एस्कोचा स्वेटर.
ती झोपल्यावरचं घर
तिने कधी पाहिलंच नव्हतं.
तू काय करतेस? तिने विचारलं,
मी चोरून काही खात असल्यासारखं.

भांडी पुसतेय.

का?

मी तिला फडक्याचं एक टोक दिलं आणि एक चमचा.
तिने तो पुसला, उलटा केला, पुन्हा पुसला,
त्यात स्वतःचं नाक पाहिलं.
चल आता, म्हणत मी हात पुढे केले.
नको, ती म्हणाली,
आणि आपली आपण गेली.

मी बोळात उभी राहून ऐकलं.
पलंग करकरला. ससा वर ओढला गेला.
छतापलीकडे कुठेतरी तो पाळणा
अजून रिकामाच, चारही बाजूंनी बंद.

मी ओटा आवरला. चमचे मोजले.
एक ती घेऊन गेली होती.