झाकण

स्विंडनमध्ये दर बुधवारी, सातच्या आत,
आमची गल्ली आपापला निळा डबा फाटकाबाहेर उभा करते.
हँडल रस्त्याकडे.
घराकडे असलं तर कौन्सिल चिठ्ठी चिकटवतं.
चिठ्ठीत शिवी नसते. त्याहून वाईट असतं :
'आम्हाला खेद वाटतो.'

आमची गल्ली सभ्य आहे.
कुणी कुणाच्या पडद्याआड डोकावत नाही.
डब्याचं झाकण मात्र
वाऱ्यानं उडालंय का, एवढंच बघतात.

सात नंबरचे ऑलरेन्शॉ, निवृत्त हेडमास्तर,
वरती ठेवतात जाडजूड वर्तमानपत्र, घडी न मोडलेलं,
आणि तळाशी
बायकोला न सांगता खाल्लेल्या पिझ्झाचं खोकं,
आठपदरी दुमडून.
बारा नंबरची ब्रॉनविन योग शिकवते,
प्राणिमात्रांविषयी बोलताना तिचा गळा दाटतो.
तिच्याकडे सॉसेजचे ट्रे,
धुतलेले, पालथे.

आणि आमच्यात तर कुणी घेतच नाही.
हे मी सासऱ्यांना सांगितलंय,
मंडळाच्या खजिनदारांना सांगितलंय,
डॉक्टरांना सांगितलं, 'लग्नाकार्यात, कधीतरी.'
त्या हिशेबानं गेल्या महिन्यात
आमच्या ओळखीत अकरा लग्नं लागली.

कागद गप्प बसतो हो.
काच खणखणते.

म्हणून मंगळवारी रात्री अकरानंतर
चार बाटल्या टॉवेलात गुंडाळून
तान्ह्या मुलासारख्या छातीशी धरून
मी नऊ नंबरपर्यंत जाऊ लागलो.
नऊ नंबर म्हणजे मिस पेटिफर.
वय एक्याऐंशी, पंथ मेथडिस्ट,
चहात साखरसुद्धा नाही,
साडेआठला दिवा बंद.
पहिल्यांदा लाज वाटली.
दुसऱ्यांदा टॉवेल जाड घेतला.

पण बुधवारी त्यांचा डबा आ वासून उभा!
जिन, पोर्ट, कसलीशी वेल्श व्हिस्की...
माझ्या तर चारच होत्या.

गल्ली हळहळली.
'एकट्या असतात ना बिचाऱ्या,' ब्रॉनविन म्हणाली.
'कुणीतरी बोलायला हवं त्यांच्याशी,' ऑलरेन्शॉ म्हणाले.
उत्तम कल्पना, म्हणालो सगळे,
आणि आपापल्या घरी गेलो.
मालविकानं त्यांच्या यकृताची काळजी केली.
मीही केली. अगदी मनापासून.
दुसऱ्याच्या व्यसनाचं दुःख
एका पेगनंतर फार खोल जाणवतं.

जुलैत मिस पेटिफर भाचीकडे राहायला गेल्या, टॉर्कीला.
जाण्याआधी दारोदारी निरोपाची भेट ठेवली :
घरचं एल्डरफ्लॉवरचं सरबत.
आमच्या पायरीवर चार बाटल्या,
लख्ख धुतलेल्या, लेबलं शाबूत.
माझाच ब्रँड.
समोर ब्रॉनविन पायरीवर बसून
पोर्टच्या बाटलीकडे बघत होती.
ऑलरेन्शॉंनी दार किलकिलं केलं,
व्हिस्की आत ओढली, दार लावलं.
सोबत कार्ड, थरथरत्या अक्षरात :
'शेजार चांगला लाभला. थंड करून प्या.'

झाकली मूठ सव्वा लाखाची.
म्हातारीनं आमची मूठ वर्षभर
आपल्या डब्यात झाकून ठेवली होती.

आता नऊ नंबरला नवं जोडपं आलंय.
दारावर कॅमेरा लावलाय.

काल मंगळवार.
रात्री अकराला दिव्याच्या खांबाखाली
आम्ही तिघं भेटलो,
तिघांच्या हातात टॉवेल.

हवामानाविषयी बोललो.
बराच वेळ.