बिजागऱ्या

टेबल त्यानंच केलेलं, अक्रोडाचं,
बारा माणसं बसतील एवढं लांब.
बारा कधी बसली नाहीत.
आता एका वेळी एकच असतो, आडवा,
आणि डॉक्टर नेवेन्का म्हणते, बुटकं आहे हे,
वाकून वाकून माझी पाठ गेली.
वेय्सिलनं चारी पायांना ठोकळे जोडले,
पाचर मारली, हलवून पाहिलं, गेला.
कामापुरतंही बोलत नाही.
माझ्याशी तर तीन वर्षं झाली.

कारण सांगायला एक ओळ पुरते:
त्या दुपारी धाकट्याला नदीवर जाऊ दे म्हणणारी मी होते.
द्रिनानं त्याला चौथ्या दिवशी परत केलं,
पुलाखाली, एक चप्पल पायात तशीच.
तेव्हापासून वेय्सिल आतल्या खोलीत झोपायचा, दार लावून,
मी चुलीपाशी.
भांडण नव्हतं. भांडायला समोर यावं लागतं.

मग डोंगरावरून तोफा सुरू झाल्या,
शाळेतला दवाखाना जळला,
आणि आमचं घर दगडी, उताराच्या आडोशाला, म्हणून
विचारलंही नाही कुणी. आणून ठेवू लागले.
पहिल्या रात्री स्ट्रेचर नव्हतं.
एका पोराला घोंगडीतून उचलत होते,
तो मधोमध दुमडायचा आणि किंचाळायचा.
वेय्सिल उठला, पेचकस घेऊन आत गेला
आणि स्वतःचं दार उतरवून घेऊन आला.
सहा स्क्रू खिशात टाकले. मी मोजले.

मुरंबा घोटायच्या हंड्यात आता पट्ट्या उकळतात.
चादरींच्या कडेला माझ्या आईनं भरलेली लाल फुलं;
फाडताना मी फुलं वगळत होते.
नेवेन्का म्हणाली, फुलांनीही रक्त थांबतं.
मीठ संपलं. बधिर करायचं औषध त्याआधीच.
आल्दिनचा पाय काढला तेव्हा
मी त्याच्या तोंडात लाकडी चमचा दिला.
चमच्यावर दातांची खूण आहे, त्यानंच सूप ढवळते.
दुसरा चमचा नाही म्हणून नव्हे.

मेणबत्त्या संपल्या त्या रात्री
नेवेन्का कुणालाच उद्देशून न म्हणता म्हणाली,
दिसत नसेल तर शिवू कशी?
दुसऱ्या दिवशी वेय्सिलनं कपाटाच्या फळ्या कापून पाती केली,
जळक्या गाडीतला डायनामो काढला
आणि अंधार पडल्यावर चाक खांद्यावर घेऊन निघाला
खाली.
तीन वर्षांत त्या वाटेला त्याचं पाऊल नव्हतं.
मी तारेचं वेटोळं घेऊन मागून गेले.
तो नको म्हणाला नाही.

कमरेएवढ्या पाण्यात दोघं.
मी दोर धरलेला, तो गाठ मारतोय,
पलीकडच्या तीरावर नेमबाज, म्हणून खोकायचंही नाही.
तिसऱ्या खांबापाशी तो कुजबुजला,
"इथंच ना?"
मी म्हटलं, "जरा पलीकडे."
त्यानं गाठ सोडली,
पलीकडे नेऊन बांधली.

आता टेबलावर दिवा आहे.
नदी चढली की उजळतो, ओसरली की पिवळा पडतो.
आल्दिन म्हणतो, खाला, तुमचा दिवा आज लंगडतोय.
हसतो. पहिल्यांदाच.
मी त्याला रागावले, टाके उसवतील म्हणून.

परवा पहाटे उठले तर
वेय्सिल आतल्या खोलीच्या चौकटीशी उभा,
रिकाम्या बिजागऱ्यांना तेल लावत होता.
तेल किती उरलंय ठाऊक आहे का, मी म्हटलं.
गंजतील, तो म्हणाला.
दार कुठंय पण?
त्यानं अंगणाकडे पाहिलं.
दार भिंतीला टेकवलेलं, धुतलेलं,
मधोमध न निघणारा डाग.
"कुणाला माहीत," तो म्हणाला, "लागेल की नाही."
आणि बोटाला उरलेलं तेल
माझ्या भेगाळलेल्या हातांना पुसलं,
आधी उजव्या,
मग थांबून, डाव्या.