नखपेटी

आधीच सांगते, ही बाजाची पेटी नव्हे.
हिला भाता नाही, श्वास नाही.
पट्टी दाबली की आत एक काडी उठते,
काडीला नख,
नख तारेला ओरबाडून वर जातं
आणि उतरताना चोरासारखं उतरतं,
तारेला कळूही न देता.

हार्प्सिकॉर्ड म्हणता म्हणता
जालन्यात तिची नखपेटी झाली.
नाव ताजोद्दीन मिस्त्रींचं, कादराबादचे,
एरवी दारं-चौकटी करतात.
पहिल्या दिवशी त्यांनी एक पट्टी हळू दाबली,
मग जोरात, मग मुठीनं.
"कित्ता बी मारो बाई, ये उत्ताच बोलती."
हो मिस्त्री.
एवढं एक वाक्य शिकायला
मला परदेशात चार हिवाळे लागले.

नखं प्लास्टिकची होती, एप्रिलात तडकली.
जुन्या काळी कावळ्याचं पीस लावायचे,
हे मी सहज बोलून गेले
आणि दुसऱ्या दिवशी मिशनच्या शाळेतली पोरं
कापसाच्या बियाण्याच्या पिशवीत पिसं घेऊन हजर.
काही कबुतराची निघाली. एक मोराचं,
"हे पण चालतं का?"
नाही चालत.
रात्रभर ब्लेडनं तासत बसले,
चोपन्न पट्ट्यांना चोपन्न नखं.

आईला कावळा शिवायचा तेव्हा
ती चार दिवस मोरीजवळच्या पोत्यावर असायची.
मामा गेले तेव्हा शहागडला, गोदावरीच्या काठी,
आम्ही दोन तास त्याचीच वाट पाहिली,
शिव रे बाबा, शिव एकदाचा.
त्याचं शिवणं हवं की नको
हे आमच्या घरात कधी ठरलंच नाही.

शनिवारी चर्चच्या हॉलात कार्यक्रम. बेचाळीस अंश.
पेटीखाली ओल्या फडक्यात गुंडाळलेला माठ,
कारण लाकूड तहानलं की तारा उतरतात.
साडेचारला सूर लागले.
पाचला पुन्हा उतरले.

सहाला माणसं आली.
मोसंबीचे दोन अडते,
रोलिंग मिलमधून पाळी सुटून आलेले चौघं,
कानात अजून सळयांचा खणखणाट;
सतारीचे धानोरकर सर;
पुढे सतरंजीवर पोरं, आपलं पीस कुठल्या पट्टीखाली
यावरून हमरीतुमरीवर.
आणि दोन कूलर, बोइंगसारखे.

पहिला नाच वाजवला. कुणालाच ऐकू गेला नाही.
"आवाज वाढवा की!" मागून कुणीतरी.
वाढत नाही, म्हटलं.
"मग माइक लावा."
तेव्हा मिस्त्री उठले:
"ये बढती नै. तुमीच कम होव."
आणि जाऊन दोन्ही कूलरची बटणं पाडली.

उकाडा आत आला, रुमाल निघाले.
उठलं कुणीच नाही.

मी संथ नाच घेतला, तीन मात्रांचा,
दुसरीवर रेंगाळणारा.
इथे जोर चालत नाही, म्हणून
जो सूर मोठा करायचा, त्याला उशीर करायचा.
डावा हात पोचतो, उजवा थांबतो,
अख्खा हॉल घाटावर उभा राहतो,
पत्रावळ पुढ्यात ठेवून,

आणि मग

शिवला.

गंधार लागला तेव्हा धानोरकर सरांनी मान वर केली.
"हा आमच्यातला आहे,"
शेजारच्या अडत्याला म्हणाले, जरा जास्तच मोठ्यानं.

शेवटच्या पानावर, खर्जात, एक नख मोडलं.
पट्टी दाबली, काडी उठली,
नुसतं टक्. लाकडावर लाकूड.
मी थांबले नाही.

सगळे पांगल्यावर एक मुलगी आली,
हात पाठीमागे बांधून.
"तो न वाजलेला माझा होता का?"

मला ठाऊक नव्हतं.
झाकण उचललं, तिला स्टुलावर उभं केलं,
म्हटलं, ओळख तूच.
ती बराच वेळ वाकून बघत राहिली.

सगळी काळीच होती.