रकाना पाचवा

अभ्यासाचं नाव दीड ओळीचं होतं.
मी ते उंबऱ्यावर एका दमात वाचायची,
मग कन्नडमधून, मग आपल्या बोलीतून.
तोवर चहा आलेला असायचा.
नऊशे चौदा माणसं, दोन वर्षं.
खोकला किती आठवड्यांचा, वजन किती,
एका खोलीत किती जण झोपतात,
आणि शेवटच्या पानावर सहा रकाने:
बरा झाला. कोर्स पूर्ण. औषध लागू नाही.
मृत्यू. संपर्क तुटला. माहिती नाही.
माणूस एकाच चौकोनात बसवायचा,
बाहेर पाय काढू द्यायचा नाही.

लुमाण्णा हलगेकर, वय एकेचाळीस,
उद्यमबागच्या फाउंड्रीत वाळूचे साचे करायचा.
कार्डावर नाव कन्नडमध्ये, माझ्या वहीत मराठीत,
एक्स-रेच्या फिल्मवर नावाखाली
नुसतं पांढरं धुकं, डाव्या बाजूला दाट.
पहिल्याच आठवड्यात त्यानं विचारलं,
"बाई, लघवी तांबडी व्हायलीय.
औषध म्हणू काय रगत म्हणू?"
औषध, म्हटलं मी.
दुसऱ्या महिन्यात दीड किलो वाढला.
काट्याकडे बघून आम्ही दोघं हसलो,
जणू काटाच आमच्यावर खूश होता.

तिसऱ्या महिन्यात दाराला कुलूप.
शेजारची गंगव्वा तांदूळ निवडत म्हणाली,
"होद्रु री. यल्लि गोत्तिल्ल."
गेले. कुठं, ते सुपातल्या खड्यांनाही ठाऊक नव्हतं.
एकवीस फोन केले.
नंबर अस्तित्वात नाही, असं
तीन भाषांत सांगणारी बाई दमली नाही, मी दमले.
नियमानं साठ दिवस थांबले
आणि पाचव्या चौकोनात खूण केली.

मोठ्या हॉलात सरांनी पडद्यावर दाखवलं:
रोगाचा भार, लाखामागे इतका.
उभे खांब, प्रत्येकाच्या डोक्यावर बारीक मिशी.
आपल्याला जे नक्की ठाऊक नाही
तेवढी मिशी लांब, असं सर समजावत होते.
मला मात्र भार म्हटल्यावर
लुमाण्णाच्या खांद्यावरचा घट्टा दिसत राहिला,
वाळूच्या पाट्यांनी पाडलेला.

जानेवारीत बाचीला गेले, मावसबहिणीकडे जेवायला.
बाची इकडे, शिनोळी तिकडे,
मधे एक पाटी आणि दारूच्या भावातला फरक.
काजूच्या फॅक्टरीसमोर कुणीतरी हाक मारली.
"बाई, वळख हाय न्हवं?"
बोटं चिकानं काळी, सोललेली,
गाल भरलेले.
फाउंड्रीत काम मोडलं, मेव्हण्यानं इकडं ओढलं.
"तिकडच्या गोळ्या तुटल्या खरं,
हितं परत पयल्यापासनं दिल्या.
सा महिनं. एक बी चुकवलो न्हाई."
खिशातून कार्ड काढलं, घड्या पडून चार तुकडे व्हायला आलेलं.
मराठी छपाई. नाव: लक्ष्मण.
"लुमाण्णा म्हटलं तर सिस्टर हसली.
लक्ष्मणच असणार म्हणाली, तसंच लिवली."

म्हणजे इकडचा लुमाण्णा हरवला
आणि तिकडे लक्ष्मण बरा झाला.
एका छातीचे दोन आजारी,
दोन राज्यांच्या दोन बेरजांत.
तो मात्र तिथं उभा राहून
चहाचे तीनच पैसे देत होता,
त्याचा, माझा आणि मेव्हण्याचा.

सरांना फोन केला.
त्यांना आनंद झाला, खरंच झाला.
मग म्हणाले, माहिती आता बंद केलीय, लेख गेलाय,
एका माणसानं टक्का हलत नाही.
बसमध्ये तिकिटाच्या मागं मी भागाकार केला.
शून्य पूर्णांक एक, पुढं काहीबाही.
हलत नाही. मिशीच्या आत मावतो तो, आरामात.

पाचव्या रकान्यात अजून सदुसष्ट जण आहेत.
वेंगुर्ला रस्त्याच्या बसमध्ये
कुणी खोकलं की पूर्वी मान वळायची माझी.
आता न खोकणाऱ्यांकडे बघते,
एकेक चेहरा,
कंडक्टर सुटे मागेपर्यंत.