पंख्यावरचं नाव

सेलूत आमची मीटिंग मंगळवारी आणि शुक्रवारी,
जिनिंगच्या मागं, बंद पडलेल्या बालवाडीत.
भिंतीवर अजून अ अननसाचा,
खुर्च्या इतक्या बुटक्या
की बसलं की गुडघे छातीला.
आडनावं बाहेर, चपलांजवळ.
चावी माझ्याकडं. चार वर्षं, दोन महिने.
दिवस मोजत नाही आता. म्हणजे, मोजतो.

मानवतची मंडळी आधी दोन मिनिटं गप्प बसतात.
आम्हाला नाही जमत,
गप्प बसलं की आतली बाटली बोलायला लागते.
पाथरीत दुआ मागतात, शेवटी खारी.
जिंतूरला बायकांनी आपला गट वेगळा केलाय,
तिथं आम्हाला दार बंद, आणि ते बरंच आहे.
ज्याचा त्याचा चहा, ज्याची त्याची साखर.

मग चैत्रात नगरसेवकानं पंखा दिला.
तिन्ही पात्यांवर त्याचं नाव, लाल रंगात.

मानवतचे लिंबाजी आले, वर बघितलं.
"हे काय?"
"वारा," मी म्हणालो. "आमचा गट, आमचं छप्पर, आमचा घाम."
"खरंय. पण उद्या आमच्या पोराला कुणी विचारलं,
तुम्ही कुणाची माणसं,
तर त्यानं काय सांगायचं?"
मी नको ते बोललो.
पुढं तीन महिने सेलू-मानवत
एसटी तेवढी येत-जात राहिली.

फिरताना नाव दिसत नाही, असं मी सगळ्यांना सांगायचो.
पण लाइट जायची.
पंखा दमत दमत थांबायचा
आणि अक्षर अक्षर करत
तो माणूस आमच्यात येऊन बसायचा.

करीच्या रात्री अकराला दार वाजलं.
मानवतचा सोपान. एकवीस दिवस झालेले.
पिशवीत देशीची क्वार्टर, बूच न फोडलेलं.
"आमच्याकडं कुलूप हाय. दिसली ती गाडी धरली."
कुठल्या गटाचा, हे मी विचारलं नाही.
पिशवी अननसाखाली ठेवली.
अंगाला घाम, आणि म्हणतो, पंखा नका लावू, थंडी वाजायलीय.

दोन बुटक्या खुर्च्या. एक बल्ब.
बऱ्याच वेळानं वर बघत म्हणाला,
"हे कोण? यांचीबी सुटली का?"

मला हसू आलं, मग आलं नाही.

पहाटे चारला लिंबाजींना फोन लावला.
पहिल्या एसटीनं आले,
पोराच्या डोक्यावर हात ठेवला,
क्वार्टर मोरीत ओतली,
मग पिशवीतून टर्पेंटाइन काढलं.
म्हणजे इतके दिवस घरात आणून ठेवलं होतं.
मी स्टूल धरलं.
माफी कुणीच मागितली नाही.

ते अजून दोन मिनिटं गप्प बसतात.
आम्ही अजून बसत नाही.
तिसऱ्या पात्यावरचा शेवटचा 'रे' काही निघाला नाही.
लाइट गेली की तेवढाच खाली बघतो,
कुणीतरी कुणाला तरी
हाक मारल्यासारखा.