बिलावर काय लिहू

गुरुवार. भोसरीची सुट्टी.
कुदळ्यांच्या शॉपमध्ये सातही लेथ गप्प,
कूलंटचा वास तेवढा कामावर.

चौऱ्याण्णव साली इथंच आलो होतो,
टाय लावून, गळ्यात स्टॉपवॉच.
लतीफ मिस्त्री जॉब चढवतो किती सेकंदांत,
उतरवतो किती, तंबाखू मळतो किती,
सगळं लिहिलं. बेरीज केली. अकरा माणसं जास्त निघाली.
कुदळे तेव्हा माझ्याकडे बघायचे
ऑपरेशनआधी डॉक्टरकडे बघावं तसे.

मग स्लाइडचे दिवस.
जमिनीवर पिवळे पट्टे मारले,
भिंतीवर जपानी शब्दांच्या पाट्या ठोकल्या.
त्यांच्या खिळ्यांना पोरं डब्याच्या पिशव्या अडकवायची.
मी दर तिमाहीला येऊन म्हणायचो, प्रगती आहे.

आज सुजयने लॅपटॉप फिरवला माझ्याकडे.
"काका, रात्री विचारलं याला."
चाळीस पानं. तक्ते, आलेख, पाच वर्षांचा आराखडा.
माझीच वाक्यं होती त्यात,
फक्त इस्त्री केलेली.
चहा येईपर्यंत शेवटचं पान गाठलं.
चूक शोधत होतो, खोटं कशाला बोलू.
नव्हती.

कुदळे चष्मा पुसत म्हणाले,
"करायचं काय, ते यानं सांगितलंय.
यातलं काय करायचं नाही, तेवढं तुम्ही सांगा."

पान सतरा: तीन जुनी मशिनं मोडीत,
त्यांच्यावरचे चौघं कमी.
नावं नव्हती. चार हा आकडा होता,
ठळक केलेला.

चौऱ्याण्णवच्या अकरांतला एक
पुढं धावडे वस्तीत रसाच्या गाड्यावर भेटला होता.
ओळखलं त्यानं. आलं घालून ग्लास दिला.
पैसे घेतले नाहीत.
तो ग्लास मी अजून संपवतोय.

"पान सतरा नको," म्हणालो.
"कारण?" सुजय पेन उघडून बसलेला.
कारण होतं,
त्याच्या रकान्यात मावेल असं नव्हतं.
मग बाप बोलला, मग लेक, मग दोघं एकदम,
मशीन सोडून आईच्या औषधांवर गेले,
बंगलोरच्या नोकरीवर, न उचललेल्या फोनवर.
मी मध्ये बसून राहिलो, बिस्कीट चहात बुडवत.
दीड तास.

निघताना विचारलं, बिलावर काय लिहू?
सल्ला म्हणावं, तर एकच. तोही नको.

कुदळे शटर ओढत होते.
"जुनंच लिहा की, प्रशिक्षण.
आणि जीएसटी वेगळा दाखवा,
मागल्या वेळी राहिला होता."