अंगठे बाहेर

अथणीत रस्ता म्हणजे आखलेली रेघ.
उसाची ट्रॉली मागं टाकली की
चौथा, पाचवा, आणि पाय सैल.
तिथं जीप चालवायची नसते,
नुसती सोडायची असते.

बदलीचा कागद कन्नडमध्ये आला.
बायकोनं तो वाचला मराठीत, "कणकुंबी,"
आणि ट्रंकेतनं स्वेटर काढला.

डिसेंबर. पहाटे किल्ली फिरवली
तर इंजिन नुसतं खोकलं.
रुक्माण्णा गावडे, माझ्या आधीचा ड्रायव्हर,
रिटायर होऊनही दवाखान्याच्या पायरीवर बसणारा,
मफलरातून म्हणाला,
"तो पिवळा दिवा विझूदे की हो.
अंग गरम झाल्याबिगर ते बोलायचं नाही.
तुम्ही तरी बोलता काय?"

मागच्या सीटवर लशीची निळी पेटी,
फिलोमिना सिस्टरच्या मांडीला टेकलेली.
अथणीत या पेटीवर मी ओलं पोतं टाकायचो
आणि उन्हाला शिव्या देत पळायचो.
इथं पेटीतला बर्फ आणि खिडकीतला वारा
सख्खे शेजारी.
"पळायचं कशाला आता?" सिस्टर म्हणाली.
मला पळण्याखेरीज येत काय होतं?

डांबर संपतं तिथं एक फणस आहे.
फणसापलीकडं रस्ता नाही, रस्त्याचा अंदाज.
जांभा, उघडी मुळं,
आणि दवानं भिजलेली पानं, साबणाच्या चिपट्या जशा.
रुक्माण्णा त्या दिवशी शेजारी बसला.
खिशातनं अर्धा बटाटा काढून
आतनं काच चोळायला लागला. मी हसलो.
वाफ आली, काचेवर टेकायला बघितली,
जागा न मिळून गेली.
मी हसायचा थांबलो.

"अंगठे बाहेर काढा."
स्टिअरिंग मी मुठीत आवळलं होतं, कासरा धरावा तसं.
"चाक दगडावर आपटलं की हे उलटं फिरतंय.
अंगठा आत असला की गेला."
आणि आपला डावा अंगठा दाखवला,
न वाकणारा, खुंटीसारखा.
"मला कुणी सांगितलं नव्हतं."

ओढ्यापाशी उतरवलं मला, चपला काढायला लावल्या.
आधी आपले पाय, मग गाडीचे.
घोट्यात सुया. कुठं वाळू, कुठं गोटा,
तळव्यांनी मोजत गेलो आणि परत आलो.
मग छोटा गिअर टाकला,
आणि जीप पाण्यात उतरली
गाभण म्हशीसारखी, आपल्या मर्जीनं.

पुढच्या उतारावर मात्र मी ब्रेक दाबला.
मागची चाकं पानांवरनं हळूच बाजूला निघाली,
दरीचा काठ खिडकीत आला, पाहुण्यासारखा वाकून.
सिस्टरनं छातीवर क्रुसाची खूण केली
आणि दोन्ही हातांनी पेटी धरली.
"पाय काढा," रुक्माण्णा म्हणाला, आवाज न चढवता.
"इंजिनला धरूदे. निधान. निधान."
ब्रेकवरनं पाय उचलायला
केवढी ताकद लागते!

वरच्या धनगरवाड्यात पोरं चार.
तेरा किलोमीटर, तीन तास, चार पोरं.
तिसरी सुई टोचल्यावर रडलीच नाही,
माझं नाक बघून रडली, थंडीनं लाल झालेलं.
तिच्या आईनं मला ताकाऐवजी गरम पाणी दिलं.
खिशात फोन थरथरला:
गोव्यात आपले स्वागत आहे.
आम्ही कुठंच गेलो नव्हतो.

संक्रांतीला अथणीला आलो,
मेव्हण्याची नवी गाडी हातात घेतली.
ऊन, काळी जमीन, दूरवर एक ट्रॉली.
"असं काय धरलंयस," मेव्हणा म्हणाला,
"पापड धरल्यासारखं?"

समोर रस्ता मोकळा होता,
पार नजर पोचेल तिथवर.
मी तिसऱ्यातच.